कुंदाताईंचा हळू आवाज

“‘सांज हळुवार पावलांनी अंगणात उतरत होती अहो गॅस बंद करा दूध उतू चाललं,’” इरावती मॅडमनी मोठ्याने वाचलं आणि त्या थांबल्या. चष्मा काढून पुसला, परत घातला. “‘तिच्या नेत्रांत विरहाचे अहो उजवीकडचं बटण उजवीकडचं अश्रू दाटले...’”

मुलुंडच्या एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर रविवारी कथालेखनाचा वर्ग भरायचा. सुरुवातीला कुणी हसलं नाही. हे काहीतरी नवीन तंत्र असावं, असं वाटून दोघातिघांनी गंभीरपणे मानही डोलावली. पण ‘तो व्याकूळ स्वरात म्हणाला प्रिये शांताबाई फिनेल किती ओततेस’ या वाक्याला बँकेत नोकरी करणाऱ्या विशालला जो ठसका लागला, तो बघता बघता सगळ्या हॉलला लागला.

शेवटच्या रांगेत काळा चष्मा लावून बसलेल्या कुंदाताई तिर्लोटकरांच्या कानांतून वाफा निघत होत्या.

झालं होतं ते असं. कुंदाताईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी लिहिणं-वाचणं काही दिवस बंद केलं होतं. मग लेकीने, दीप्तीने, फोन हातात दिला. “आई, हे माइकचं चिन्ह दाबायचं आणि बोलत सुटायचं. तो आपोआप टाइप करतो.” कुंदाताई बोलत सुटल्या. मध्येच दूध उतू गेलं, नवऱ्याने गॅसचं भलतंच बटण फिरवलं, शांताबाई लादी पुसायला आल्या; पण माइक बंद करायचा असतो हे काही दीप्तीने सांगितलं नव्हतं. आणि डोळे अधू, म्हणून न वाचताच कथा वर्गाच्या ग्रुपवर गेली.

“कुंदाताई,” मॅडम डोळ्यांतलं पाणी टिपत म्हणाल्या, “मी इतके दिवस म्हणत होते ना, तुमच्या कथेत तुम्ही कुठेच नाही? ती सांज, ते नेत्र, ते सगळं उसनं वाटतं. पण आज तुमचा खरा आवाज सापडला. हा लिहा. सांज काढून टाका.”

“एकदम झकास, काकू!” विशाल म्हणाला. “आणि तो नवरा काय कॅरेक्टर आहे यार!”

“तो माझा नवरा आहे,” कुंदाताई म्हणाल्या.

हॉल पुन्हा फुटला. कुंदाताई उठल्या. पर्स काखेत मारली.

“मॅडम, हा आवाज मला सापडायला नको होता. तो हरवायला मी इथे येते. तीस वर्षं वीजबिलाच्या खिडकीत काचेपलीकडच्या लोकांवर ओरडले. घरी आले की नवऱ्यावर ओरडायचं, कारण गिरणीत कापड विणणाऱ्या सांच्यांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले. निदान कागदावर तरी मला हळू बोलू द्या की!”

हेही त्या ओरडूनच म्हणाल्या. खाली वाचनालयात पेपर वाचणाऱ्यांनी माना वर केल्या.

कांजूरमार्गला घरी पोहोचल्या, तर यजमान जयवंतराव दारातच उभे.

“गो, लवकर इलंस?”

“हसले!” कुंदाताई ओरडल्या. “सगळे माझ्यावर हसले!”

“बसले? खंय बसले?”

“बसले नाहीत, हसले! माझ्या कथेला हसले!”

“व्यथा? कसली व्यथा?”

समोरच्या ब्लॉकचं दार किलकिलं झालं. वरच्या मजल्यावरचा टीव्हीसुद्धा कुणीतरी बारीक केला. कुंदाताईंना आपला अपमान पहिल्यापासून, नावानिशी, तार स्वरात सांगावा लागला. सांज, दूध, उजवीकडचं बटण, फिनेल, सगळं. तो संपला तेव्हा मजल्यावर ज्याला माहीत नाही असा कुणी उरला नव्हता.

जयवंतराव कधी नव्हे ते हसले नाहीत. कॉटवर बसले, बायकोला शेजारी बसवलं.

“तू वरडतंस म्हणान माका कळता गो,” ते म्हणाले. “बाकी सगळ्यांचा नुसता तोंड हलता. चेडवाचो, आपल्या दीप्तीचो, आवाज कसो होतो, ता मी इसारलंय. तुझो तेवढो रवलो.”

कुंदाताईंना काहीतरी बोलायचं होतं. पण ते हळू बोलायचं होतं, आणि हळू बोलून उपयोग नव्हता. त्या उठल्या आणि चहा टाकायला गेल्या.

पुढचे काही रविवार त्या वर्गाला गेल्या नाहीत. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर त्यांनी पेन घेतलं. दुपारी जयवंतराव झोपले की लिहायच्या. सांज एकदा काढून टाकली, मग परत घातली, कारण ती त्यांना खरोखरच आवडत होती. फक्त अंगणाऐवजी ती आता ग्यालरीत उतरली, आणि तिथे एक म्हातारा दुधाच्या पातेल्याकडे पाठ करून उभा होता.

वर्गात परत गेल्या तेव्हा विशालने घाईघाईने पुढची खुर्ची रिकामी करून दिली.

“सॉरी हां, काकू. त्या दिवशी जरा जास्तच झालं.”

“बस रे,” त्या म्हणाल्या. “मी शेवटीच बसते.”

आणि त्या तिथूनच वाचू लागल्या, अगदी त्यांना हव्या तितक्या हळू आवाजात. ‘अहो, गॅस बंद करा’ हे वाक्य आलं, तेही तितक्याच हळू, जणू झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण घालावं तसं. मॅडमनी ‘जरा मोठ्याने’ म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. कुणीतरी उठून पंखा बंद केला.

मग पहिल्या रांगेतल्या खुर्च्या मागे सरकू लागल्या. दुसऱ्या रांगेतल्याही. थोड्या वेळाने सगळा वर्ग कुंदाताईंच्या भोवती कोंडाळं करून, माना पुढे काढून बसला होता. आणि त्या वर न बघता पुढचं पान उलटत होत्या.