मधल्या पिनेचा प्रिंटर

मी एक प्रिंटर बोलतोय. हल्लीच्या मुक्या प्रिंटरांपैकी नव्हे. ठोकून ठोकून छापणारा, कर्कश. मी सुरू झालो की घरातली माणसं कानावर हात ठेवून दुसऱ्या खोलीत जायची. एक आई तेवढी हातातलं काम टाकून माझ्याकडे यायची.

माझ्या डोक्यात नऊ बारीक पिना आहेत. त्या शाईच्या फितीवर आपटतात आणि कागदावर ठिपके उमटतात. आमच्या घरचे बाबा वर्तमानपत्रासाठी शब्दकोडी रचायचे. त्यांनी हौसेने घरी कॉम्प्युटर आणला, पाठोपाठ मी आलो. आम्हा दोघांना जेवणाच्या टेबलावर जागा मिळाली आणि ताटं बिचारी कडेला सरकली.

कोड्याचे चौकोन बाबा माझ्याकडून छापून घेत. पण थोड्याच दिवसांत माझी मधली पिन मोडली, आणि आडव्या रेघा नेमक्या तिच्याच वाट्याच्या होत्या. उभ्या रेघा यायच्या, आडवी एकही नाही. बाबांनी डोक्याला हात लावला. आई मात्र पट्टी-पेन्सिल घेऊन शेजारच्या खुर्चीत बसली आणि तिने सगळ्या आडव्या रेघा ओढून दिल्या.

मग तीच रीत पडली. उभ्या माझ्या, आडव्या आईच्या. रेघा ओढता ओढता दोघांच्या गप्पा चालत, भांडणंही तिथेच मिटत.

"नवं डोकं बसवू का गं याला?" बाबा मुद्दाम विचारायचे.

"बसवा की! मग मी आपली आत जाऊन झोपते."

डोकं काही बसवलं गेलं नाही. मलाही त्याची लाज वाटेनाशी झाली.

बाबा गेले. मला आणि कॉम्प्युटरला पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकलं. तिथे किती वर्षं काढली कोण जाणे. उंदरांनी माझी वायरसुद्धा कुरतडली.

इकडे आईला विसर पडू लागला. आधी चहातली साखर, मग शेजारीपाजारी, शेवटी पोटची लेक. "तुम्ही कोण हो?" असं ती लेकीलाच विचारायची. लेक इस्पितळातली यंत्रं दुरुस्त करते, मोठी हुशार. ओळखीचे जुने आवाज ऐकवून बघा, असं डॉक्टर म्हणाले आणि तिला आम्ही आठवलो.

तिने आम्हाला खाली उतरवलं. कॉम्प्युटरच्या पोटातले फुगलेले भाग बदलले, त्याची बटणं साबणाने धुतली. बाबांचा कोड्यांचा प्रोग्रॅम तेव्हाच्या रीतीप्रमाणे गाण्यांच्या असतात तसल्या कॅसेटवर होता, तोही चालू केला. माझा रबरी रूळ घासला, वायर नवी घातली. आणि कौतुकाने मला म्हणाली, "बाबांनी तुला शेवटपर्यंत मोडकाच ठेवलं रे. आईला किती ती कटकट!"

तिने मला नवं डोकं बसवलं. जुनं भंगारात गेलं.

रविवारी सकाळी तिने मला सुरू केलं. मी जीव तोडून ओरडलो. आतून पावलं वाजली. आई आली, थेट त्याच खुर्चीत बसली आणि तिने हात पुढे केला. लेकीने पट्टी-पेन्सिल दिली.

"आलेच हं," आई म्हणाली. कुणाला, ते आम्हाला कळलं.

मग तिने कागद ओढला. वरून खाली पाहिलं, पुन्हा वरून खाली पाहिलं. ओढायची एकही रेघ राहिलेली नव्हती.

"झालंय की सगळं," ती हळूच म्हणाली. "मग मला कशाला बोलावलंत?"

पेन्सिल ठेवून ती आत गेली. लेकीला आपली चूक कळली. तिने त्याच क्षणी मला उघडलं आणि मधल्या पिनेची तार कापली. पुन्हा छापलं. आईला हाताला धरून आणलं.

आईने उभ्या रेघांकडे परक्यासारखं पाहिलं. "मोडलंय हो तुमचं हे," ती म्हणाली. "दुरुस्त करून घ्या."

इतकं वाईट मला माळ्यावरही वाटलं नव्हतं.

अजून मी टेबलावरच आहे. कामावरून आली की लेक एक कागद छापते आणि आडव्या रेघा स्वतः ओढते. तुमच्या घरात असं काही अर्धंमुर्धं चालत असेल, तर बाबांनो, हत्यार उचलण्याआधी जरा विचारा, उरलेलं अर्धं कोण करतं ते. लेकीच्या रेघा छान सरळ येतात. पण कोडं रचायला कुणी नाही, त्यामुळे चौकोन रिकामेच राहतात.