सुरी हफीजाच्या हातात

“तोंड उघडा बगू,” हफीजा म्हणाली.

सुलेमानने तोंड उघडलं आणि जीभ वर करून दाखवली.

“पाणी संपवा. अर्धा पेला कुणासाठी ठेवलाय?”

“तुझ्यासाठी. तुझं पण रक्त डोक्यात चढतं.”

रोज चहानंतर हे चालायचं. वर्षापूर्वी, २००३ मध्ये, पोट दुखतं म्हणून सोनोग्राफी केली, तेव्हा सुलेमानच्या पोटातली महाधमनी फुगलेली सापडली. सायकलच्या जुन्या ट्यूबला फुगा येतो तशी, असं डॉक्टरांनी समजावलं. फुटली तर रत्नागिरीतून मुंबईला न्यायलाही वेळ मिळणार नाही. फुगा अजून लहान होता, म्हणून ऑपरेशन नको. बिडी बंद, ॲस्पिरिनची लहान गोळी रोज, आणि सहा महिन्यांनी तपासणी.

“हृदयासाठी गोळी हवीच,” डॉक्टर म्हणाले होते. “फुग्याची वाढही त्याने हळू होते, असं काहींना वाटतं. खात्री नाही.”

हफीजाने शेवटचे दोन शब्द घरी आणलेच नाहीत.

पहिल्या तपासणीत फुगा होता तेवढाच होता. तिने दर्ग्यात चादर चढवली. दुसऱ्या तपासणीला पावसाळा सुरू झाला होता. मिरकरवाड्याच्या बंदरात ट्रॉलर किनाऱ्याला लागले होते आणि तहाशेठच्या बोटीचं फाटलेलं जाळं सुलेमानच्या पडवीत सांधायला येऊन पडलं होतं.

“बराच वाढलाय,” डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाले. “गोळी चालू आहे ना?”

“माझ्या हातानं देते,” हफीजा म्हणाली.

सुलेमान भिंतीकडे बघत राहिला.

“आता थांबू नका. मुंबईला ऑपरेशन करून घ्या.”

बाहेर येऊन दोघं रिक्षाची वाट बघत उभी राहिली. मग तो म्हणाला, “दाढ पडलीय ना, त्या खाचेत ठेवायचो गोळी. तू वळलीस की थुंकायचो.”

“कधीपास्नं?”

“रमजानपास्नं. जाळं सांधताना सुरी बोटाला लागतेच. पूर्वी बोट चोखलं की थांबायचं. गोळीनं रक्त पातळ झालं, थांबेना. नमाजाला उभा राहिलो तर सदऱ्यावर रक्त. बाजूचा सरकून उभा राहिला. कोण काय बोललं नाय, पण सरकला.”

“मला सांगता येत नव्हतं?”

“सांगितलं असतं तर तू घरीच नमाज पढायला लावलं असतंस.”

ते खरं होतं. हफीजा तशीच परत फिरली आणि तिने डॉक्टरांना एकच विचारलं. गोळी सोडली म्हणून वाढलं का?

“तसं मी सांगू शकत नाही. घेत राहिले असते तरी वाढलं असतं, कदाचित.”

तिला हो चाललं असतं, नाहीही चाललं असतं.

मुलगा अक्रम कुवेतला होता. त्याला नारळी पौर्णिमेच्या सुमारास सुट्टी मिळणार होती. तो आल्यावर मुंबईला जायचं ठरलं. सुलेमानलाही ते सोयीचं वाटलं. पौर्णिमेला बोटी सुटणार, त्याआधी जाळं पुरं व्हायला हवं होतं.

“बसून करायचं काम हाय. मी काय नांगर ओढतोय?”

दुसऱ्या दिवशी त्याने जाळं पुढ्यात ओढलं, तेव्हा सुरी जागेवर नव्हती. ती हफीजाच्या हातात होती. ती समोर पाटावर बसली.

“गाठी तुमी मारा. कापायचं मी बघते. आणि आधी तोंड उघडा.”

“बायको सुरी घेऊन समोर बसलीय आणि म्हणे तोंड उघडा. तहाशेठ बघेल तर पळून जाईल.”

पण त्याने गोळी गिळली. मग पेलाही रिकामा केला.

तो गाठ मारायचा, ओढून बघायचा, दोरा ताणून धरायचा. ती टोक कापायची. सुरुवातीला ती फार जवळून कापायची, गाठ सुटायची आणि तो शिव्या द्यायचा. पुढे शिव्या थांबल्या. त्याच्या बोटांवरचे चरे भरले. शुक्रवारी तो पांढरा सदरा घालून मशिदीत गेला आणि आल्यावर खुंटीला लावताना तिला म्हणाला, “बघ, डाग नाय.”

पौर्णिमा जवळ आली होती. दुपारी जाळ्याचा शेवटचा फाटका कोपरा उरला होता. सुलेमानने गाठ मारली, ओढून बघितली आणि कंबरेला हात लावला.

“पाठीत कळ आली,” तो म्हणाला. लगेच त्याला घाम फुटला. हफीजा पाणी आणायला उठली. ती परत आली तेव्हा तो जाळ्यावर कलंडला होता. शेजाऱ्यांनी रिक्षा आणली. सरकारी दवाखान्याच्या दारातच डॉक्टरांनी नाडी बघितली आणि सगळं संपलंय म्हणून परत पाठवलं.

दफन झाल्यावर अक्रम पोचला. त्याने गोळ्यांची उरलेली पाकिटं फेकायला उचलली. “राहू दे,” हफीजा म्हणाली.

तहाशेठचा माणूस जाळं न्यायला आला आणि दारातच घुटमळला. “नंतर येतो, भाभी.”

“थांब.”

तिने कोपरा शोधला. सुलेमानने मारलेली गाठ घट्ट होती. दोऱ्याचं लांब टोक तसंच लोंबत होतं. हफीजा पाटावर बसली. तिने दोरा ताणून धरला आणि गाठीपासून अंतर ठेवून टोक कापलं.

“ने आता,” ती म्हणाली.