दुपारचं वजन

किमान वेतन वाढवावं की नाही, यावर आमच्या तालुक्यात तीन महिने सभा झाल्या. एका पक्षाने वाढवू म्हणून भाषणं केली, दुसऱ्याने वाढवलं तर कारखाने बंद पडतील म्हणून केली. खुर्च्या आणि माईक दोघांनाही शिरोड्याच्या एकाच मंडपवाल्याने पुरवले. त्या तीन महिन्यांत खात्रीने वाढलं ते त्याचं उत्पन्न.

शेवटी वेतन वाढलं, पण दिवसाचं. आमच्या काजू कारखान्यात बायकांना पैसे मिळतात किलोवर. बी यंत्रात धरायची, दांडा दाबून फोडायची, गर काढायचा. संध्याकाळी मी वजन करायचं. तेव्हा असं ठरलं की एक बाई दिवसाला किती किलो गर काढते ते कामगार खात्याचे साहेब येऊन बघतील आणि दिवसाचं वेतन तेवढ्या किलोंवर वाटून किलोचा दर बसवतील. किलो जास्त दिसले की दर कमी. हे गणित साहेबांच्या आधी बायकांना कळलं.

"सायब आसा तवसर हात हळू," मथुरेच्या शेजारच्या यंत्रावरच्या फेबीने सगळ्यांना बजावलं. "मथुराकाकी, तुका खास सांगतंय."

"माका कित्याक? माझो हात आपसूकच हळू झालोसा."

मथुरेची साठी उलटलेली, उजवा खांदा धरलेला. एकेकाळी तिच्याइतका गर कोणीच काढत नसे, आणि हे ती कोणाला विसरू देत नसे. आता चांगल्या दराची गरज सर्वांत जास्त तिलाच होती.

साहेब आले. बायकांचे हात असे सावकाश चालले होते, जणू प्रत्येक बीची आधी विचारपूस करतायत. आमचे मालक सुदेशशेट रागावले नाहीत. बाहेरच्या स्वस्त काजूने ते आधीच बेजार. वर हा खर्च. पण कोणाला कुठे टोचलं की काय होतं, हे त्यांना चांगलं ठाऊक. मथुरेच्या यंत्रापाशी थांबून, तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ते साहेबांना म्हणाले, "हिला मोजू नका. हिचा हात गेला. दया म्हणून ठेवलीय."

मथुरेने वर पाहिलं नाही. पदर खोचला आणि बिया फोडत सुटली.

"काकी!" फेबी दबक्या आवाजात म्हणाली. "काकी गो, सायब बघता!"

"बघूक देत."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिने साडेपाच किलो काढले. साहेबांनी उभ्या उभ्या दुप्पट केली: दिवसाला अकरा. "या वयाच्या बाईंना जमतं, तर बाकीच्यांनाही जमेल," म्हणाले, आणि ऑफिसात बांगड्याचं तिखलं जेवायला बसले. तिथेच पंख्याखाली त्यांची दुपार गेली.

आकडा दुप्पट होतो, खांदा होत नाही. जेवणानंतर मथुरेचा हात दांड्यापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. संध्याकाळी तिचं पातेलं मी काट्यावर ठेवलं. दीड किलो.

साहेब गाडीत बसत होते. फेबी वजनाची चिठ्ठी घेऊन आडवी गेली.

"आक्षेप असेल तर लेखी द्या," साहेब म्हणाले. "त्या बाईंची सही हवी."

फेबीने तिथेच बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं: दुपारी हात चालला नाही, दिवसभराचे सातच किलो झाले.

"हात गेलो, असा मीच लिवन देव?" मथुरा म्हणाली. शेट दोन पावलांवर उभे होते. "ह्याच्यासमोर?"

"सकाळी तुझो मान रवलो, काकी. आता आमचा पोट रवांदे."

सगळ्या थकलेल्या होत्या, भांडायलासुद्धा. मथुरेने पेन घेतलं. उजवा हात वर येईना, म्हणून डाव्या हाताने सही केली. अक्षरं एकमेकांचं तोंड बघत नव्हती. साहेबांनी कागद फाईलमध्ये सरकवला, "बघू," म्हणाले, आणि गाडी निघाली.

"शेट," मथुरेने विचारलं, "उद्या येव मा?"

शेट गाडी गेली त्या रस्त्याकडे बघत राहिले. त्यांचाही आवाज दमलेलाच होता.

"ये गो. दर ठरेपर्यंत ये."