एका माणसाची लेन्स

मी लेन्स बोलतेय. कॅमेऱ्याच्या तोंडाला लावतात ती. सध्या माझा मुक्काम बंगळुरात, बसवनगुडीतल्या एका घरात, लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात, म्हैसूरपाकाच्या रिकाम्या डब्यात आहे. डब्याला अजून तुपाचा वास येतो. बोलायला दुसरं कोणी नाही म्हणून तुमच्याशी बोलतेय.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला, पण तिथलं फारसं आठवत नाही. आठवतं ते दुकान. तिथे काचेच्या कपाटात माझ्या शेजारी झूमवाल्या बहिणी बसायच्या. त्या लांबचं जवळ आणतात, जवळचं लांब नेतात, आणि त्याचा त्यांना भारी तोरा. मला यातलं काही जमत नाही. मी आहे तिथे आहे. कोणाचा चेहरा नीट पाहायचा असेल तर कॅमेरा धरणाऱ्याने आपल्या पायांनी त्या माणसाजवळ जायचं. इतके कष्ट कोणाला हवेत? गिऱ्हाइकं मला हातात घेत, उलटसुलट बघत आणि परत ठेवून देत.

एका शनिवारी संहिता आली. सोबत तिचे वडील, त्रिविक्रम. ती एचएसआर लेआउट भागातल्या एका कंपनीत नोकरी करते आणि आयुष्यातला पहिला कॅमेरा घ्यायला आली होती. कॅमेरा पाच मिनिटांत ठरला. लेन्स कोणती, इथे घोडं अडलं.

बापलेकीचं मराठी ऐकून दुकानदार चंदन खुलला. तो बेळगावकडचा.

"ताई, पहिलाच कॅमेरा न्हवं? मग ही झूमवाली घ्या की. घरातली समदी मावतील. ही पन्नास एमएमची म्हंजे एका माणसाची लेन्स हाय बघा."

"मला हीच हवी," संहिता म्हणाली. "मी तीन आठवडे रिव्ह्यू वाचतेय. चेहरा एकदम शार्प येतो आणि मागचं सगळं ब्लर होतं."

"अगं, स्वल्प त्यांचं ऐक की," त्रिविक्रम म्हणाले. बंगळुरात मुरलेल्या त्यांच्या मराठीत थोडंचं कानडी स्वल्प होतं.

"अण्णा, कॅमेरा माझा आहे."

माझ्यासाठी कोणीतरी भांडलं होतं! रिक्षात मी तिच्या मांडीवर होते. त्या अर्ध्या तासात माझ्याइतकं कोणी फुगलं नसेल.

पहिले काही दिवस खरंच सुखाचे गेले. बसवनगुडीत भुईमुगाच्या शेंगांची वार्षिक जत्रा भरली होती. ढिगामागे बसलेल्या बायका, त्यांच्या कपाळावरचं कुंकू, मापातून निसटणारी एखादी शेंग, सगळं मी टिपलं. संहिता कधी नव्हे ती अनोळखी माणसांच्या जवळ जाऊन बोलत होती.

मग चंपाषष्ठी आली. दर चंपाषष्ठीला या घरी सगळे नातेवाईक जेवायला जमतात, आणि जेवणाआधी हॉलमध्ये सगळ्यांचा एक फोटो निघतो. तो फ्रेम करून जिन्याच्या भिंतीवर लागतो. तिथे तीसेक फोटो आहेत. यंदाचा मान माझा होता.

हॉल भरला. शेवटी त्रिविक्रमांची थोरली बहीण अनुसूया स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली आणि कडेला उभी राहिली. लग्न न करता ती याच घरात राहिली, भावाचा संसार सांभाळला. अख्खं घर तिला अक्का म्हणायचं, संहितासुद्धा.

संहिता मागे सरकली. आणखी सरकली. तिची पाठ शोकेसला टेकली, तरी एक माणूस बाहेरच राहत होतं.

"अजून जवळ या ना सगळे. अक्का, तू कटतेयस."

"सरी, सरी, असू दे. काढा तुम्ही," अक्का हसून म्हणाली. "मी आहेच की घरात." आणि ती भरीत बघायला आत गेली.

कोणी तिला थांबवलं नाही. मला मात्र लाज वाटली. तिला जागा मी दिली नव्हती.

पुढच्याच महिन्यात संहिताने झूम आणली आणि मी खणात गेले. तक्रार नाही असं म्हणवत नाही. तक्रार आहे. इतकं भांडून आणायचं आणि महिन्याभरात विसरायचं, हे माणसांनाच जमतं. अंधारात दिवस मोजायलाही काही नसतं.

मला बाहेर काढलं ते अक्काने. गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं तिला दिसेनात. भिंग शोधताना मी तिच्या हाताला लागले. तिने मला पाकिटावर धरून पाहिलं आणि खूश झाली. मी कामाला लागले, भिंग म्हणून का होईना.

मग रोज दुपारी, सगळे आपापल्या कामाला गेले की, ती मला घेऊन खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसायची आणि जुने अल्बम उघडायची. माझ्या एका बाजूला तिचा डोळा, दुसऱ्या बाजूला फोटो. सुरुवातीला वाटलं, भाच्यांची बालपणं बघत असेल. नंतर कळलं, ती स्वतःला शोधत होती. भावाच्या लग्नात तिची पाठ होती. संहिताच्या बारशात कोपरापासूनचा हात होता, हातात पोह्यांची बशी. बऱ्याच फोटोंत ती नव्हतीच.

"संहिता, माझा एक काढ गं," एकदा ती म्हणाली. "एकटीचा. नाहीतर नंतर शोधत बसाल."

"काहीतरीच काय बोलतेस, अक्का! काढू ना. रविवारी."

एकटीचा! अहो, माझा जन्मच त्यासाठी. त्या रविवारी अक्का इरकल नेसली, मोगरा माळला आणि मला हातात घेऊन खुर्चीत बसली. मलाच लावायचं, असं तिने ठरवलं होतं. संहिताला ऑफिसचा फोन आला. बंद दाराआड तिचं बोलणं चालूच राहिलं. खिडकीतलं ऊन खुर्चीवरून जमिनीवर आलं, मग भिंतीवर चढलं आणि गेलं.

"सॉरी अक्का, पुढच्या रविवारी नक्की."

"सरी. मी कुठे जातेय?"

पुढच्या शुक्रवारी अक्काला हॉस्पिटलमध्ये नेलं. ती परत आली नाही.

नंतर खरंच सगळे शोधत बसले. अल्बम, फोन, संहिताच्या कॅमेऱ्यातले हजारो फोटो. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून फ्रेम केला. त्यात अक्का कोणीतरी दटावल्यासारखी दिसते. लोक फ्रेमला हार घालत आणि म्हणत, "अशी नव्हती हो ती."

नव्हतीच. ती कशी होती हे मला विचारा. वाचताना तिची डावी भुवई वर जायची. स्वतःचा हात सापडला की ती लहान मुलीसारखी हसायची. इतकं जवळून तिला या घरात कोणीच पाहिलं नव्हतं. पण माझ्यात काही उरत नाही. उजेड माझ्यातून जातो, तो धरून ठेवायला मागे कॅमेरा लागतो. त्या सगळ्या दुपारी माझ्यामागे कॅमेरा नव्हता. हे दुःख मी कोणाला सांगू?

महिन्याभराने संहिताने अक्काचं कपाट आवरायला घेतलं. म्हैसूरपाकाच्या डब्यात, ब्लाउजपीसमध्ये गुंडाळलेली मी निघाले.

"अण्णा, ही अक्काकडे कशी?"

"भिंग म्हणून वापरायची. दुपारी फोटो बघायची."

संहिताने मला उजेडासमोर धरलं. माझ्या काचेवर अक्काच्या अंगठ्याचा ठसा होता, रेघ न् रेघ स्पष्ट. तिने सवयीने पुसायचं कापड काढलं. मला ओरडता येत असतं तर त्या क्षणी ओरडले असते.

कापड काचेपर्यंत आलं आणि थांबलं. ती रडली. नंतर तिने मला तशीच कॅमेऱ्याला लावलं.

"अण्णा, अक्काच्या खुर्चीत बसा ना."

ते बसले. ती पायांनी चालत त्यांच्याजवळ आली आणि तिने एकच फोटो काढला. त्रिविक्रमांनी चष्मा सारून तो पाहिला.

"स्वल्प धूसर आलाय गं. काच पूस की."

"राहू दे, अण्णा."

त्यानंतर मी परत डब्यात आहे. काचेवरचा ठसा वेळीच पुसला नाही तर काच कायमची खराब होते म्हणे. होऊ दे. संहिता, कधी पुन्हा डबा उघडलास आणि हाताशी कापड असलं, तर एवढं कर. मला पुसू नकोस. आयुष्यात माझ्याकडे राहिलेलं माणूस एवढंच आहे.