शून्यांची जागा

सरकारी लॉटरीच्या कार्यालयात समारंभाचा धनादेश वर्षानुवर्षे एकच होता. दाराएवढा प्लायवूडचा फलक. त्यावर विजेत्याचे नाव आणि बक्षिसाची रक्कम मी पाण्याने निघणाऱ्या रंगात लिहायची आणि फोटो निघाले की ओल्या फडक्याने पुसून टाकायची. पण पुसलेले सगळेच जात नसे. तिरपे ऊन पडले की जुनी शून्ये फळीत उमटून दिसत, उथळ पाण्याच्या तळाशी नाणी दिसावीत तशी. मला ती बघायला आवडत. त्यांच्याविषयी प्रश्न मात्र कधी पडला नव्हता. जाहिरातीत जो आकडा तोच फलकावर, आणि फलकावर जो तोच विजेत्याच्या घरी, इतके सरळ ते मी गृहीत धरले होते.

त्या सकाळी विजेत्या काकू वेळेआधीच आल्या. सभागृह अजून झाडले जात होते, म्हणून शिपायाने त्यांना माझ्या खोलीत बसवले. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवलेली बाई. बसल्या बसल्याही माझ्या बाहीची उसवलेली शिवण त्यांच्या नजरेने टिपली. मी शेवटचे शून्य भरत होते.

“हे कुणाचं, गं?”

“तुमचंच, काकू. दहा कोटी!”

“माझं नाही ते. मला साडेतीन मिळणार आहेत. कालच सही केली मी.”

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

“बाहेर माझे दोन्ही दीर आलेत, जाऊ आलीय, नणंद आलीय. नणंदेनं तर मनातल्या मनात घरावर मजला चढवून पडदेसुद्धा लावले. धाकट्या दिरानं दुकानाचा विसार देऊन टाकला, माझ्या भरवशावर. साडेतीन मिळणार म्हणून घसा कोरडा करून सांगितलं सगळ्यांना. म्हणतात, वहिनी आत्तापासूनच हात आखडायला लागली. आता हा फलक धरून मी फोटोत हसले, की झालंच. जन्मभर विचारतील, वरचे साडेसहा कुठे दडवलेस? फोटोपुढे माझं कोण ऐकणार?”

ब्रश हातात तसाच धरून मी जिना चढले. लेखाधिकारी खिडकीतल्या कुंडीला पाणी घालत होते. माझा प्रश्न ऐकून त्यांचा चेहरा उजळला. जणू बरीच वर्षे ते उत्तर तयार ठेवून बसले होते आणि विचारायला कोणी फिरकलेच नव्हते.

“दहा कोटी आपल्याकडे नसतातच,” ते म्हणाले. “तिकिटांच्या विक्रीतून या बक्षिसासाठी बाजूला निघाले ते पाच. विजेता तीस वर्षं हप्त्यांनी घ्यायला तयार असेल, तर त्या पाचांचे सरकारी रोखे घ्यायचे. ते वाढत जातात आणि सगळे हप्ते मिळून दहा होतात. एकरकमी मागितले तर जे आहेत तेच, पाच. त्यातून कर गेला की साडेतीन.”

“मग दहा खोटे?”

“खोटे कसे? फक्त अजून घडलेले नाहीत.”

“हे लोकांना माहीत असतं?”

“तिकिटाच्या मागे छापलंय. डोळ्यांत तेल घालून वाचलं तर दिसतं.”

जिना उतरताना पायऱ्या मला नेहमीपेक्षा जास्त खोल वाटल्या. म्हणजे इतकी वर्षे मी त्या फळीवर काळ रंगवत आले होते. कोणाच्या तरी म्हातारपणाची, अजून न उजाडलेल्या सकाळींची शून्ये.

खाली संचालक येऊन थांबले होते. “फलक जाहिरातीप्रमाणेच राहणार,” ते काकूंना समजावत होते. “आजवर असंच होत आलंय.”

“मग फलकाचाच फोटो काढा. मी बाहेर बसते.”

संचालकांनी दाराकडे पाहिले. विजेत्याच्या चेहऱ्याशिवाय नुसती फळी कोणते वर्तमानपत्र छापणार? आणि फोटो छापला गेला नाही, तर पुढच्या सोडतीची तिकिटे कशी खपणार?

“बरं, खाली एक बारीक ओळ टाकू.”

“बारीक नको, साहेब. सुईत दोरा ओवून ओवून तयार झालेले डोळे आहेत हे, त्यांनाही तुमची तिकिटामागची ओळ दिसली नाही. मी गिऱ्हाइकाला कापड फाडायच्या आधी सांगते, शिवणीत किती जाणार ते.”

बाहेर छायाचित्रकारांचा गलका वाढत होता. “काय करायचं ते करा,” संचालक माझ्याकडे वळले, “पण दहा पुसायचे नाहीत.”

अडचण जागेची होती. शून्ये मी नेहमीच सर्वांत मोठी काढत आले होते. फळीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत त्यांचेच राज्य. फडके भिजवून मी ती पुसली आणि लहान करून पुन्हा काढली. मग मोकळ्या झालेल्या जागेत त्याच उंचीच्या अक्षरांत लिहिले: दहा कोटी, तीस वर्षांत. आज एकरकमी पाच. कर जाऊन हाती साडेतीन.

काकूंनी फलक छातीशी धरला आणि हसल्या. कॅमेऱ्यांचे दिवे लखलखले. पहिल्या रांगेत धाकटा दीर ओठ हलवत वाचत होता. वाचून झाल्यावर तो उभा राहिला.

“वहिनी, मग बाकीचे कुठायत?”

“अजून जन्मायचेत, भाऊजी.”

सभागृह हसले. “गेला गं बाई माझा मजला!” नणंद म्हणाली, आणि तीही हसली. तो मात्र हसला नाही. पुढे येऊन त्याने ‘साडेतीन’वर बोट ठेवले. रंग ओला होता. बोट निळे झाले.

“तू खरंच सांगत होतीस,” तो हळूच म्हणाला. “विसार परत मिळेल का गं?”

“आजच विचारू. मी येते बरोबर.”

सगळे पांगल्यावर मी फडके घेऊन आले, पण फलकापुढे आवारातल्या तिकीट खिडकीच्या रांगेतले चारपाच जण उभे होते. त्यातल्या एकाने खिशातून आपले तिकीट काढले, उलटे केले आणि ते घेऊन तो दारातल्या उजेडाकडे गेला.

मी फडके पिळून ठेवले.