चार वेळा दिलेली मशीन

मित्रांनो, एखादी वस्तू दान केली की ती देणाऱ्याची राहत नाही, असं तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. मला चार वेळा दान केलं गेलं. पहिल्या तीन वेळा मी संध्याकाळच्या आत परत आले होते.

मी एक जुनी, पायाने चालवायची शिलाई मशीन आहे. माझा जन्म लुधियानाचा. तिथल्या एका वयस्कर कारागिराने माझं चाक फिरवलं, कान लावून आवाज ऐकला आणि मान हलवून मला पुढे सरकवलं. पुढे माइकवरून माझं कौतुक पुष्कळ झालं, पण तसा कान कोणी लावला नाही.

डहाणूच्या एका सेवा मंडळाने मला विकत घेतलं. मंडळाचं नाव मी सांगणार नाही. ते त्यांनी स्वतःच इतक्या भिंतींवर रंगवलं आहे की माझी गरज नाही. नावाखाली चार शब्द असत: शिक्षण, रोजगार, आरोग्य, निवारा. रोजगार म्हणजे मी.

बाकीचे तीन शब्द कसे होते तेही सांगते, कारण मी मंडळाच्या गोदामात त्यांच्याच शेजारी राहत होते. शिक्षण म्हणजे दप्तरं. त्यांवर अध्यक्षांचा फोटो एवढा मोठा की मुलाच्या पाठीवर मुलापेक्षा अध्यक्षच आधी दिसत. पहिल्याच महिन्यात पट्टे तुटले, फोटो मात्र टिकले. आरोग्य म्हणजे एक शिबिर. गुडघा दुखणाऱ्यालाही तीच गोळी, डोळ्यांना कमी दिसणाऱ्यालाही तीच. निवारा म्हणजे थर्माकोलची एक भलीमोठी चावी. ती ज्या घराची म्हणून दिली, त्या घराला दारच बसवलेलं नव्हतं.

अध्यक्षांना सगळे शैलेशभाई म्हणत. गोरेपान, कडक इस्त्रीचे, बोलायला मधाळ. मुंबईच्या एका कंपनीने त्यांना चार बायकांसाठी चार मशिनी घ्यायला सांगितलं होतं. त्यांनी मला एकटीलाच घेतलं. 'बाकीच्या पावसाळ्यानंतर बघू,' म्हणाले. ते चोर असते तर मी त्यांना थोडा तरी मान दिला असता. चोराला निदान वस्तूची किंमत कळते. शैलेशभाईंना खरंच वाटायचं की फोटो निघाला म्हणजे काम झालं.

पहिलं दान नरपडला झालं. भिकी नावाची, मासळी सुकवणारी बाई मंचावर आली. तिने ओले हात पदराला तीन वेळा पुसले आणि माझ्या चाकाला हात लावला. फोटो निघाला. मग शैलेशभाई म्हणाले, "मशीन तूर्त टेम्पोत ठेवा. शिकवायला बाई पाठवू, तेव्हा घरपोच देऊ." भिकीने मान डोलावली. टेम्पो वळेपर्यंत ती तिथेच उभी होती.

दुसरं दान झाईला, ठकी नावाच्या बाईला. तिसरं डहाणूच्या हॉलमध्ये. त्या तिसऱ्या बाईचं नाव माइकवर चुकीचं घेतलं. तिने हळूच दुरुस्त केलं, पण तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. त्यामुळे तिचं खरं नाव मला आजही माहीत नाही. दर वेळी तीच पिवळी रिबीन इस्त्री करून मला बांधत. दर वेळी टेम्पोवाला लाहू मला खाली उतरवायचा आणि पुन्हा चढवायचा. तिसऱ्या वेळी तो पुटपुटला, "हिला सासर काय लाभत नाय." त्या मंडळात माझ्याविषयी खरं बोललेला तो पहिला माणूस.

चौथा कार्यक्रम उधव्याला ठरला. या वेळी मुंबईच्या कंपनीच्या निर्मला मॅडम स्वतः आल्या होत्या. माइकवर नाव पुकारलं ते नवशीचं. नवशी तिशीतली, अंगाने काटक. तलासरीच्या बाजारात एका शिंप्याकडे ती चार वर्षं काजं-बटणं करत होती आणि शिंपी जेवायला गेला की मशीन चालवून बघत होती. त्यामुळे ती मंचावर आली ती चाकाला हात लावून उभी राहिली नाही. सरळ स्टुलावर बसली, वाकली आणि म्हणाली, "हिला सुईच नाय."

खरंच नव्हती. लुधियानाहून येताना सुया वेगळ्या पुडीत होत्या, त्या गोदामात कुठेतरी पडल्या. तीन गावांत माझे फोटो निघाले, वर्तमानपत्रात आले, आणि सुई नसलेली मशीन एकाही शहाण्याला दिसली नाही.

नवशीने कनवटीची कागदाची घडी सोडली. आत मशीनच्या दोन सुया आणि थोडा दोरा होता. तिने एक बसवली, वर-खाली दोरा ओवला, स्वतःच्या पदराचा उसवलेला काठ पुढे घेतला आणि पायडल मारलं. मित्रांनो, त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा शिवलं. टाका थोडा वाकडा गेला. लाज वाटली, पण सुखही वाटलं.

कार्यक्रम संपला. मॅडम चहा घ्यायला बाजूला गेल्या. मंचावर 'आमच्या भगिनी' म्हणणारे शैलेशभाई खाली येऊन म्हणाले, "ए बाई, ऊठ आता. मशीन टेम्पोत जाऊ दे."

"कशाला?"

"शिकवायला बाई येईल, तेव्हा देऊ ना."

"मला येते शिवता. आता बघितलंत ना तुम्ही."

"अगं, कागदपत्रं व्हायची आहेत. कीर्ती, हिला सांग जरा."

कीर्ती ही मंडळाची कार्यकर्ती. डहाणूच्या रेल्वे कर्मचाऱ्याची मुलगी, नोकरीला लागून वर्ष झालेलं. तीन गावांतल्या तीन बायकांना हीच थाप तिनेही मारली होती, आणि दर वेळी तिचा आवाज जरा जास्त खाली जात होता. ती आली, नवशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "सर, कागदपत्रं सकाळीच झाली आहेत."

शैलेशभाईंनी तिच्याकडे असं बघितलं की मला वाटलं, ही उद्या घरी बसणार. तेवढ्यात मॅडम चहाचा कप घेऊन आल्या आणि विचारलं, "काय झालं? या का उठतील? मशीन त्यांचीच आहे ना?"

"हो तर! त्यांचीच!" शैलेशभाई हसले. त्यांच्या मंडळाचं ते पहिलं खरं दान, आणि तेही पेचात सापडून झालेलं.

नवशी मात्र मॅडम गाडीत बसून जाईपर्यंत स्टुलावरून उठली नाही. मग तिने आणि तिच्या नवऱ्याने, हाल्याने, मला बांबूला बांधलं आणि खांद्यावर घेऊन घरी नेलं.

कीर्ती खरंच घरी बसली. पण आठ दिवसांनी ती नवशीकडे आली आणि मोबाइलमधले तीन फोटो दाखवले. तीन बायका, तीच रिबीन, तीच मी.

नवशीने तिन्ही फोटो बोटाने मागेपुढे सरकवून पाहिले. "म्हंजे ही माझी नाय?"

"चौघींची आहे. किंवा कोणाचीच नाही. मला राहवलं नाही म्हणून सांगितलं, नवशीताई."

मी घाबरले होते. नवशीला गप्प बसता आलं असतं. नरपड आणि झाई तिच्या गावापासून लांब, कोण कशाला येतं विचारायला? निलमचा, तिच्या मुलीचा, गणवेश माझ्यावर अर्धा शिवून झाला होता. नवशीने तो पुरा केला, घडी घातली आणि दुसऱ्या दिवशी एसटीने नरपडला गेली.

भिकी तिच्यासोबत आली. उंबऱ्यातूनच मला ओळखलं. "हीच. फोटो निघाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी अंगण सारवून ठेवत होते. रोज."

नवशी म्हणाली, "न्यायची तर ने."

भिकी माझ्यापाशी बसली. तिने पायडलवर पाय ठेवला, चाक उलटं फिरलं, दोरा तुटला. तिने पाय काढून घेतला. "नेऊन काय करू? शिकवणार म्हणाले होते, ते आलेच नाय. तू चालव. पण मला माझी पाहिजे."

"मग मागायला जाऊ," नवशी म्हणाली.

महिन्याभरात मंडळाचा वार्षिक समारंभ होता. लाहूने टेम्पो आणला. डिझेल मंडळाचं, टेम्पोही मंडळाचा, आणि तो कुणाला विचारायला गेला नाही. भिकी, नवशी आणि झाईहून आलेली ठकी, तिघींनी मला हॉलच्या मधल्या वाटेने मंचासमोर नेऊन ठेवलं. मंचावर शैलेशभाई, निर्मला मॅडम आणि हार घातलेली आणखी पाच माणसं होती. तिघींनी माझ्या चाकाला हात लावला.

"आमचा फोटो काढा," भिकी म्हणाली. मासळी बाजारातला तिचा आवाज, माइक लागला नाही. "तिघींचा एकदम. सुटे सुटे तुम्ही काढलेत."

हॉलमध्ये आधी कोणी हसलं. मग मॅडम उभ्या राहिल्या आणि हसणं थांबलं. त्यांनी शैलेशभाईंना एवढंच विचारलं, "बाकीच्या मशिनी कुठे आहेत?" शैलेशभाईंनी पाणी मागितलं. हार घातलेली पाच माणसं छताकडे बघू लागली. माणूस हार घालून बसला की त्याची मान वर जाते, पण इतकी गेलेली मी प्रथमच पाहिली.

पंधरा दिवसांत दोन मशिनी आल्या. एक भिकीला, एक ठकीला. भिकीला शिकवायला नवशीच नरपडला जात राहिली. शैलेशभाईंनी त्यातही भाषण केलं, 'आमचं मंडळ नेहमीच भगिनींचं ऐकतं' म्हणून. डहाणूच्या हॉलमधल्या तिसऱ्या बाईला मशीन मिळाली नाही. नावच माहीत नाही म्हणे. कीर्तीने दोन महिने शोध घेतला, मग तलासरीच्या एका शाळेत तिला नोकरी लागली आणि शोध राहून गेला. ही गोष्ट मला अजून बोचते.

नवशीकडे मी बारा वर्षं चालले. ब्लाऊज, गणवेश, चिकूच्या पिशव्या, लग्नाचे परकर. माझ्याच कमाईवर निलम बारावी झाली आणि आता परिचारिकेचं शिक्षण घेते आहे. बारीक शिवून नवशीचे डोळे थकले तेव्हा चष्मा आला. कुडाच्या दोन भिंती विटांच्या झाल्या. तेव्हा मंडळाची माणसं आली आणि त्या नव्या भिंतीवर चार शब्दांचा पत्र्याचा बोर्ड ठोकून गेली. नवशी बाजारातून परतली, बोर्ड वाचला, खिळे काढले. पत्रा चांगला जाड होता. तो कोंबड्यांच्या खुराड्यावर बसवला, आणि मंडळाने दिलेला निवारा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

गेल्या वर्षी नवशीचे गुडघे बोलू लागले. तिने विजेवरची मशीन घेतली. मी पडवीत आले. अंगावर पोतं, पोत्यावर लसणाच्या जुड्या. ऊन-वाऱ्याने पट्टा चिरला. कुरकुर करावीशी वाटली, पण मग पाड्यावरची शुक्री घरी येऊ लागली. वीटभट्टीवर उजवा हात भाजल्यापासून तिचं मजुरीचं काम सुटलं होतं. भाजलेल्या हाताची बोटं नीट मिटत नव्हती. नवशीने पोतं काढलं, मला तेल दिलं, नवा पट्टा घातला. तीन आठवडे शुक्रीला रोज बसवून कापड डाव्या हाताने सरकवायला शिकवलं. एकदा शुक्री रडली, एकदा चिडून निघून गेली. दुसऱ्या दिवशी नवशी तिच्या दारात जाऊन बसली. शुक्री परत आली.

मग मी शुक्रीच्या घरी गेले. रिबीन नव्हती, माइक नव्हता. जमीन उतरती होती म्हणून नवशीने माझ्या एका पायाखाली कौलाचा तुकडा सारला आणि अर्धी भरलेली पाण्याची बाटली माझ्या फळीवर ठेवून पातळी बघितली. नंतरही रोज येत राहिली. दोरा बघायची, टाका बघायची, नको तिथे बोट घालायची.

एक दिवस शुक्रीने गणवेशाची बाही जोडता जोडता वर न बघता म्हटलं, "उद्यापासून येऊ नको, नवशी. मला जमतंय. तुझे गुडघे कशाला झिजवतेस?"

नवशी क्षणभर हिरमुसली. मग हसली, पदर खोचला आणि घरी गेली.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना आठवड्यातून दोन थेंब तेल पुरतं. माणसांना मात्र द्यायचं असेल, तर त्यांच्या दारात बसायची तयारी ठेवा, आणि एक दिवस त्यांनी 'आता येऊ नको' म्हटलं तर रागावू नका. शैलेशभाईंना असं कोणी कधीच म्हणालं नाही. म्हणण्याइतके दिवस ते कुणाच्या दारात थांबलेच नाहीत.