मधली फळी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. पण माझा पत्ता मात्र शाळेचा आहे. रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठी, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या अंगणात मी वाळूत रुतून बसले आहे.

आंब्याच्या लाकडातून मला घडवलं. धोंडूदादांनी वर्षानुवर्षं मला खाडीत वल्हवलं. पुढे त्यांच्या मुलाने इंजिनाची बोट घेतली आणि मी किनाऱ्यावर पालथी पडले. कोंबड्या माझ्याखाली अंडी घालत. शेवटी दादांनी मला शाळेला दिलं. जाताना शाळेच्या बाईंना एवढंच म्हणाले, "नव्याला मधी बसवा. मधी कमी हलतं."

बाईंनी ते मनावर घेतलं. पटावर चौदा मुलं. निम्मी गावातली, बाकीची नेपाळहून आलेल्या खलाशांची आणि कर्नाटकातून चिरेखाणीवर आलेल्या मजुरांची. वाचनाच्या तासाला आळीपाळीने सगळी माझ्यात बसत. मराठी न येणाऱ्याला मधली फळी, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वाचता येणारी मुलं. जमिनीवरच्या होडीत कोणाला मळमळणार, म्हणून गावातला हर्षद हसला. बाई म्हणाल्या, "पुस्तक उघडल्यावर तुझ्या पोटात ढवळतं ना? तसंच."

मदतीशिवाय एक पान वाचेल तो तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख. त्याने मागे बसून सुकाणू धरायचं. तपासणीला आलेले साहेब मुलांचं वाचन ऐकत चहा गार करून बसत.

एका वर्षी सगळे तांडेल झाले. राहिली फक्त नेपाळी खलाशाची मुलगी सिर्जना. मेअखेर बोटी बंद होतात, खलाशी घरी जातात आणि पुढच्या हंगामात कुठल्या बंदरात येतील याचा नेम नसतो. जायचीच आहे तर तिला एकदा सुकाणू देऊन टाका, असं हर्षद बाईंना म्हणाला. सिर्जनानेच मान हलवून नकार दिला.

शाळेच्या शेवटच्या दिवशी ती वाचायला उभी राहिली. एका शब्दावर थांबली. शेजारच्या शमिकाचे ओठ हलले, तशी सिर्जनाने तिच्या तोंडावर हात ठेवला आणि तो शब्द स्वतः वाचला. मग पुढचा. मग सगळं पान. त्या दुपारी सुकाणू तिच्या हातून सुटता सुटेना.

त्या पावसाळ्यात बाई वारल्या.

नव्या गुरुजींनी माझ्यातही मुलांना इयत्तेप्रमाणे बसवलं. नवी मुलं कडेला गप्प बसून राहू लागली. नारळी पौर्णिमा झाली, बोटी सुटल्या, आणि एके सकाळी फाटकातून सिर्जना आली. सोबत धाकटा भाऊ होता. तो धावत सुकाणूपाशी गेला. तिने त्याला सदऱ्याला धरून मागे ओढलं.

"मधी बस," ती म्हणाली. "मधी कमी हलतं."

हर्षदने सरकून जागा करून दिली. गुरुजींनी बाकीच्यांनाही तसंच बसायला सांगितलं.

मित्रांनो, दर दिवाळीत बाईंची मुलगी माशाच्या तेलाचा डबा घेऊन येते आणि फळी न् फळी पुसते. मुलं नाकं दाबून हसतात, पण मदत करतात. तुम्हीही या. मला तेल लावा, आणि तुमच्या वर्गात कोणी नवं आलं, तर त्याला मधली जागा द्या. शाळेत आल्यापासून मी तसूभरही हललेली नाही. तरी किती मुलं माझ्यातून पार झाली!